पार्टी एकटीच आली

राजापूर तालुक्यातील आमच्या घरामागची हापूसची चाळीस कलमे एका हंगामापुरती कराराने द्यावीत, एवढीच माझी इच्छा होती. दलालाने फोनवर सांगितले, ‘‘भाऊ, उद्या सकाळी पार्टी घेऊन येतो. पार्टी मुंबईची आहे, पण सरळ आहे.’’ हे वाक्य मी ओटीवर मोठ्याने सांगितले, ही माझी चूक.

काकूंनी पार्टी म्हणजे निवडणुकीची धरली. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर होत नसते, हे मी सांगून पाहिले; परंतु राज्यघटनेतली पक्षांतरबंदीची 1985 ची दहावी अनुसूची आणि त्यातील एक तृतीयांश फुटीची सवलत 2003 साली जाऊन दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाचीच कशी उरली, हे तोंडपाठ असलेल्या बाईला मी काय शिकवणार? त्या पाखाडीच्या दुरुस्तीचा अर्ज लिहायला बसल्या. पुतण्याने कोंबडी-वड्यांच्या आशेने चार मित्रांना आवतण दिले, आणि आईने ‘माणसे किती ते कळत नाही’ म्हणून देवळातून सात खुर्च्या आणवल्या.

सकाळी रेक्झिनची पिशवी घेतलेला एक किरकोळ गृहस्थ आला. तीच पार्टी. शिवाय गुरुवार असल्यामुळे शाकाहारी.

यात त्या गृहस्थाचा दोष नाही. इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी वाटून वेगळे करण्याचा अर्थ आहे. त्यामुळे टोळी, पक्ष, मेजवानी आणि करारातला एकटा माणूस हे सगळे त्यात सुखाने नांदतात. आपले दस्त बिचारे ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे स्वच्छ बोलतात.

पार्टीने चहा घेऊन सातबारा मागितला. त्यावर सतरा नावे, त्यातली तीन स्वर्गवासी. ‘‘म्हणजे तुमच्याकडून पार्टी कोण?’’ या प्रश्नाला उत्तर देण्याच्या नादात मी पार्टिशनच्या जुन्या दाव्याचा उल्लेख केला, ज्यात प्रत्येक हिस्सेदाराला पार्टी करावे लागते आणि एक जरी राहिला तरी दावा अडतो. पार्टीने पिशवी हळूच मांडीवर घेतली.

संध्याकाळी मुले वडे संपवीत असताना दलालाचा फोन आला, ‘‘भाऊ, पार्टी फुटली.’’

आतून काकूंनी विचारले, ‘‘दोन तृतीयांश भरले का रे?’’