पानठेल्यावाल्याले विचारू नका

राजेहो, सुट्ट्या लागल्या की मला फोन सुरू होतात. कोणी लोणारला निघालेला, कोणी ताडोब्याला, कोणी शेगावला दर्शनाला, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "भाऊ, तुमच्याकडे रस्त्यात जेवायला चांगलं कुठं मिळतं? बजेटमध्ये हं." इतकी वर्षं मी खरं सांगत आलो. लोक हो हो म्हणायचे, जाऊन पनीर बटर मसाला खायचे, आणि वरतून मलाच ऐकवायचे की विदर्भात खायला काही नाही बुवा. तेव्हा ठरवलं, लोक जे करणारच आहेत त्याचाच सल्ला द्यायचा. निदान कोणीतरी आपलं ऐकलं असं तरी वाटेल.

तर सगळ्यात आधी, पोटात कावळे कोकलेपर्यंत जेवायचा विषयच काढू नका. अकरा वाजता गाव लागतं, हॉटेलच्या कढईतून भजे निघत असतात, वास गाडीत शिरतो, काच वर करा. दोन वाजू द्या. लेकरं रडली पाहिजेत, बायकोनं बोलणं बंद केलं पाहिजे, स्टिअरिंगवरच्या माणसाला समोरच्या ट्रकचं टायर भाकरीसारखं दिसायला लागलं पाहिजे, मग शोधा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावरून आलात तर फारच उत्तम. 701 किलोमीटरचा रस्ता, 120 ची लिमिट, वर्धा अमरावती वाशिम बुलढाणा असे चार जिल्हे तुम्ही तीनेक तासात पार करता आणि एकाही गावच्या फोडणीचा ठसका लागत नाही. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा पहिला टप्पा उघडला तेव्हा वाटेत खाण्यापिण्याची सोय नावालाच होती, त्यामुळे लोक घरून डबे बांधून निघायचे आणि चुकून चांगलं जेवायचे.

मग मोबाईल काढा. मॅपवर "रेस्टॉरंट निअर मी" टाका आणि रेटिंग पाहा. 4.3 असलं की गाडी वळवा. ते 4.3 कोणी दिलं हे वाचत बसू नका, वाचलंत तर कळेल की एकानं लिहिलंय "पार्किंग छान आहे", दुसऱ्यानं "मालक आपला मित्र आहे", तिसऱ्यानं नुसता बुलेटसोबत स्वतःचा फोटो टाकलाय, आणि ज्या एकानं 1 स्टार दिलाय त्यानं लिहिलंय "गेलो तेव्हा बंद होतं". जेवणाबद्दल कोणीच काही बोललेलं नाही, पण 4.3 म्हणजे 4.3. आमच्याकडे त्या पिनवर गेल्यावर हॉटेलच्या जागी कृषी सेवा केंद्र लागण्याची बरीच शक्यता असते, तिथे कपाशीचं बियाणं मिळतं, जेवण नाही, पण दुकानदार पाणी पाजतो.

आता बोर्ड. बोर्डावर जितके प्रांत तितकं जेवण चांगलं असा नियमच धरा. पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन, सावजी, खाली बारीक अक्षरात "पावभाजी व वाढदिवसाचे केक मिळतील". आत एक बल्लव, एक पोरगा आणि 19 किलोचं एक सिलेंडर, पण मेनूकार्ड चौदा पानांचं, लॅमिनेट केलेलं. एवढ्या भाज्या एक माणूस कसा करतो असा बावळट प्रश्न मनात आणू नका. फ्रीजमध्ये लाल, पिवळी आणि पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या डब्यात भरून ठेवलेल्या असतात, लालमध्ये पनीर टाकलं की बटर मसाला, शिमला मिरची टाकली की कढाई, दोन सुक्या लाल मिरच्या वर ठेवल्या की कोल्हापुरी, पांढरीत काजू टाकले की शाही. हांडी, तवा, अंगारा, तुफानी ही भांड्यांची आणि हवामानाची नावं आहेत, ग्रेव्ही तीच. तुम्ही चौघं चार वेगवेगळ्या भाज्या मागवा आणि एकमेकांच्या चाखून "तुझी जास्त छान आहे" म्हणा.

"आज काय ताजं बनलं आहे?" हे मात्र चुकूनही विचारू नका. विचारलंत तर पोरगा खरं सांगून टाकेल. म्हणेल दाळभाजी आहे, वांगं आहे, अंबाडीची भाजी मालकाच्या घरून आली आहे, पाटोडीचा रस्सा पायजे तर अर्धा तास थांबा. मग पंचाईत. बेसनाच्या वड्या रश्श्यात घालून खायला तुम्ही दोनशे किलोमीटर थोडेच आलात. भंडारा-गोंदियाकडे गेलात तर आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव, पसरलेले दिसतील, घरोघरी भात आणि तलावातली मासोळी शिजत असेल, तिथं बटर नान मागवा आणि तो वातड निघाला की मान हलवा. शेगावात कचोरी गरम निघत असते, ती खाऊ नका, दोन डझन बांधून घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुण्यात मायक्रोवेव्हमध्ये घालून "एवढं काही विशेष नाही" असं जाहीर करा.

सावजी मागवा, पण "तिखट अजिबात नको" सांगून. नागपूरच्या हलबा कोष्टी विणकरांच्या घरातलं हे जेवण, काळ्या मसाल्याचं, वर तर्रीचा थर. त्यातून तिखट काढा, तर्री काढा, राहिलेल्या पाण्यात पोळी बुडवा. मी एका बोर्डावर "जैन सावजी" वाचलं आहे, तेव्हापासून मला कशाचंच आश्चर्य वाटत नाही.

पोह्यांचं एक सांगतो. सकाळी ठेल्यावर पोहे घेतले की तो विचारेल "सांबार टाकू?" ठणकावून नाही म्हणा, पोह्यांवर कोणी इडलीचं सांबार घालतं का! आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे तुम्हाला घरी परतल्यावर कोणीतरी सांगेल. मग चण्याची लाल तर्री वाढायला डाव पुढे आला की प्लेट मागे ओढा.

फॅमिली घेऊन जायचं असेल तर "बार अँड फॅमिली रेस्टॉरंट" शोधा. आत पडदे लावलेले कप्पे असतात, एका पडद्यात तुमची फॅमिली, शेजारच्या पडद्यात सोयाबीनचा चुकारा, म्हणजे विकल्याचे पैसे, मिळालेले चौघं मित्र, दोन्हीकडे चकना एकच. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती, आणि अशा ठिकाणी बोर्डावरचा "बार अँड" एवढा भाग काढून टाकला की कितीतरी हॉटेलांच्या बाबतीत लक्षात येतं की मागं उरलेल्या "रेस्टॉरंट"ला स्वयंपाकी कधी नव्हताच.

बजेट. हा तुमचा आवडता विषय. बजेट पाळायचं म्हणजे पाण्याच्या 20 रुपयांच्या बाटलीवरून हुज्जत घालायची आणि मग 280 ची भाजी भाव न विचारता सांगायची. साधी थाळी आणि स्पेशल थाळी यात शंभराचा फरक असतो, त्या शंभरात एक पापड, एक गुलाबजाम आणि ताटाचे खण वाढतात, तेव्हा स्पेशलच घ्या. बिल आलं की फक्त खालचा आकडा वाचा. वर जीएसटी नंबर आहे की नाही पाहू नका. साध्या हॉटेलात 5 टक्के लागतो, आणि कंपोझिशन स्कीममधल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक कर भरणाऱ्या हॉटेलवाल्याला तर गिऱ्हाईकाकडून वेगळा टॅक्स घेताच येत नाही, तसं त्याला बिलावर छापावं लागतं, पण कोऱ्या कागदावर पेनानं "टॅक्स" लिहिणाऱ्या माणसाला हे विचारणं बरं दिसत नाही. फूड लायसन्सचा 14 आकडी नंबर भिंतीवर शोधायचीही गरज नाही, तिथे देवाचा फोटो असतो ना. आणि तालुक्याच्या ठिकाणी शिवभोजनचं केंद्र दिसलं तर तोंड फिरवून पुढे व्हा. 26 जानेवारी 2020 ला सुरू झालेली ती 10 रुपयांची थाळी, दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात. दहा रुपयात जेवलो असं पुण्यात सांगणार कोणाला?

ट्रॅव्हल्सच्या गाड्या जिथं थांबतात तिथं डोळे झाकून थांबा. चाळीस माणसं उतरली म्हणजे जेवण चांगलंच असणार. त्या चाळिसातल्या एकालाही दुसरीकडे जायची मुभा नव्हती, आणि ड्रायव्हरचं ताट आतल्या खोलीत वेगळं लागतं, त्याचे पैसे पडत नाहीत, या फालतू गोष्टी आहेत. स्वतःच्या खिशातून पैसे देऊन जेवणारे ट्रकवाले जिथं बाजेवर बसलेले दिसतील तिथं मात्र थांबू नका, तिथं मेनूकार्ड नसतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पानठेल्यावाल्याला विचारू नका. फाट्यावर दिवसभर बसलेला हा माणूस, खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखू, घोटता घोटता त्याला सगळं माहीत असतं, कोणत्या ढाब्याचा आचारी पळून गेला, कोणाकडे बकरा कोणत्या दिवशी कापतात, कोणाचं तेल चौथ्यांदा तळतंय, जेवून बाहेर पडलेलं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्याकडेच येऊन काय म्हणतं. एवढी माहिती असलेल्या माणसाला स्टार देता येत नाहीत, मग त्याचा काय भरवसा!

माझ्याकडून ही चूक एकदा झाली. आमचे जवाईबापू, बहिणीचे यजमान, पुण्याहून आले होते, त्यांना लोणार दाखवायला निघालो. उल्का पडून बेसॉल्टमध्ये झालेलं सुमारे 1.8 किलोमीटर रुंदीचं विवर, ते पाहायला माणूस इतक्या लांबून येतो आणि विवराच्या काठावर उभं राहून पहिला प्रश्न विचारतो, "इथं जवळ जेवायला काय आहे?" दुपारी त्यांच्या मोबाईलनं आधी कृषी सेवा केंद्र दाखवलं, मग एक गार्डन रेस्टॉरंट. जवाई म्हटल्यावर आमच्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पाच जणांचं बिल 2,340, पनीर रबराचं, गार्डनमध्ये एक प्लास्टिकचा जिराफ. बहीण काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे पाहत होती.

संध्याकाळी परतताना फाट्यावर गाडी थांबवली, मी खर्रा घ्यायला उतरलो आणि सवयीनं विचारून बसलो.

"जेवाचं काय हाय का इकडं?"

"त्या लिंबाखाली मावशीची खानावळ हाय ना. भाकर, झुनका, वांगं. पन तिले आधी सांगा लागते, मोजूनच थापते ते. म्या आवाज देऊ काय?"

जवाईबापूंनी काच खाली केली. "रेटिंग किती आहे हो?"

पानठेल्यावाल्यानं खर्रा घोटायचा थांबवला. "कायचं रेटिंग?"

पण त्यानं आवाज दिला होता, आणि मावशीनं पाच माणसांच्या भाकरी थापायला घेतल्या होत्या, आता नाही म्हणणं शोभलं नसतं. अर्धा तास बाजेवर बसलो. ज्वारीची भाकर तव्यावरून थेट ताटात, वांग्याची रसरशीत भाजी, झुणका, जवसाची चटणी, फोडलेला कांदा. जवाईबापू पाच भाकरी जेवले. मावशी म्हणे, "अजून घ्या ना बापू, लाजता काय?" पाच जणांचे 400 झाले, ते त्यांना इतके कमी वाटले की त्यांनी दोनदा मोजून दिले. आणि मग त्यांचं मन भरून आलं, त्यांना मावशीसाठी काहीतरी करायचं होतं. त्यांनी मोबाईल काढला, लिंबाखाली उभं राहून पिन टाकली, चुलीचा फोटो टाकला, 5 स्टार दिले आणि लिहिलं, "हिडन जेम".

पुढच्या उन्हाळ्यात मी एकटाच त्या रस्त्यानं गेलो. लिंबाखाली चार गाड्या उभ्या होत्या, पुणे पासिंग. बाजा गेल्या होत्या, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या होत्या, वर फ्लेक्स, पंजाबी, चायनीज. मावशी गल्ल्यावर बसली होती, तिनं मला ओळखलं.

"मावशी, दोन भाकरी आन झुनका."

"भाकर बंद केली ना भाऊ. फोन पाहून येतेत त्यायले पनीरच पायजे असते, भाकर कोनी मांगतच नाई. मंग पोरानं गॅस घेऊन देला. बसा तुमी, कढाई सांगू का बटर?"