‘नुसता बसतो’ म्हणणाऱ्या सदाशिवपेठकरांना

नमस्कार सदाशिवपेठकर,

फवाद मिर्झावरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप नोंदवलेत: तो ऑलिंपिकला गेलेला पहिला भारतीय घोडेस्वार नव्हे, टोकियो ऑलिंपिकमधल्या त्याच्या 23व्या क्रमांकाचं कसलं कौतुक, आणि पळतो घोडा, स्वार नुसता बसतो.

पहिला बिनशर्त मान्य. 1996 ला अटलांटात इंद्रजित लांबा होते, 2000 ला सिडनीत इम्तियाज अनीस. ती ओळ दुरुस्त केली आहे.

23व्याचं मात्र ऐका. आपण पुणेकर घोडा म्हटलं की पावसाळ्यातलं रेसकोर्स बघतो. पहिला आला तो जिंकला. फवादच्या इव्हेंटिंग या तीन टप्प्यांच्या प्रकारात तोच घोडा आधी ड्रेसाजच्या रिंगणात मोजूनमापून पावलं टाकतो, मग क्रॉस कंट्रीला भरधाव सुटतो आणि शेवटी दांड्यांवरून उड्या मारतो. चुकांचे दंडगुण चढत जातात, ज्याचे कमी तो पुढे. टोकियोत फवाद आणि त्याचा घोडा मेडिकॉट ड्रेसाजनंतर 28 दंडगुणांवर होते, म्हणजे पहिल्या दहांत. क्रॉस कंट्रीत एकही अडथळा चुकला नाही, फक्त 28 सेकंद उशीर झाला. सेकंदाला 0.4 प्रमाणे 11.20 चढले. पहिल्या जंपिंगला दोन दांडे पडले, चारचारचे आठ, तरी अंतिम पंचविसांत आला. तिथे आणखी 12.40. एकूण 59.60, आणि 23वा क्रमांक. जकार्त्यात 2018 ला याच घोड्यावर त्याने एशियाडचं वैयक्तिक रौप्य घेतलं होतं.

श्रीमंतांचा खेळ हा तुमचा जाता जाता मारलेला टोमणा बराचसा खरा आहे. घोडा सांभाळायचा तर दाणावैरण, नाल, डॉक्टर, मोतद्दार, सगळं आलं. पण 1982 ला दिल्लीच्या एशियाडमध्ये इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणारे रघुबीर सिंग लष्कराच्या घोडदळातले दफेदार, म्हणजे हवालदाराच्या दर्जाचे, होते, हेही लक्षात असू द्या.

आता ‘नुसता बसतो’. चाळिशीत मला हौस आली, मुळशीकडच्या एका तबेल्यात शिकायला जायचो. एकदा गुडघाभर उंचीचा दांडा होता. घोडी दुडकत छान निघाली आणि दांड्यापाशी खाडकन थांबली. मी नाही थांबलो. तिच्या मानेवरून थेट चिखलात. उजवी रिकीब अजून हलत होती. मी घोडीला शिव्या घातल्या, तर मास्तर म्हणाले, ‘‘तुम्ही दांड्याकडे बघत होता. दांड्यापलीकडे बघायचं असतं. मांड सैल झालेली तिला आधी कळते.’’ पुढे दोन आठवडे ऑफिसात खुर्चीवर उशी घेऊन ‘नुसता बसत’ होतो.

तेव्हा एखाद्या रविवारी या. तबेल्यात मी सांगून ठेवतो, चहा तुमचा.