दोन बालाजी एक झाले, त्या प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. लातूरच्या मोंढ्यातल्या आडतीत तुम्ही माझ्या लेखाप्रमाणे लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर चॅटचे संपर्क आणि दुकानाचं पत्तापुस्तक जोडलं. सुचवलेल्या सगळ्या जोड्यांवर टिक करून ‘मर्ज’ दाबलं, दोन बालाजींचा एक झाला आणि सोयाबीनच्या पट्टीचा (विक्रीच्या हिशेबाचा) निरोप भलत्यालाच गेला. ‘हे जोडकाम दुकानदाराच्या कामाचं नाही,’ असं तुम्ही म्हणता. ते मला पटत नाही. पण चूक माझ्या लेखातली आहे. ‘सुचवलेल्या जोड्या स्वीकारा’ एवढंच लिहिलं, त्या कशावरून सुचवल्या जातात ते सांगायचं राहिलं.

केपीपल, म्हणजे केडीईतला संपर्क जोडणारा भाग, जोड्या सुचवतं ते नाव आणि ईमेल बघून. आपल्याकडे नावावरून माणूस ठरवायला गेलात की फसलातच. लातूर-नांदेडकडे एका गावात चार बालाजी निघतात, आणि एकच माणूस एका कार्डावर पूर्ण नावाने तर दुसऱ्यावर नुसता ‘अण्णा’ असतो. त्यात संगणकाची वेगळीच अडचण. कऱ्हाळे हे आडनाव घ्या. त्यातला अर्धा र कुणी नुक्त्याचा ‘ऱ’ आणि हलंत टाकून लिहितो, तर कुणी साधा र, हलंत आणि त्यापुढे न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, आत संकेत वेगळे. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराचे वेगळे संकेत एकसारखे करणं) चालवलं तरी हा फरक जात नाही. म्हणून एकाच कऱ्हाळेंची दोन कार्डं सुटी राहतात आणि दोन वेगळे बालाजी मात्र जुळतात.

तुमची कार्डं शाबूत आहेत, ती काळजी सोडा. केपीपल कार्डं एकमेकांत कालवत नाही. एका छोट्या एसक्यूलाइट (डेटाबेसच्या) फायलीत ते एवढंच टिपून ठेवतं की हा संपर्क व्यक्ती क्रमांक ७ चा आणि तोही ७ चाच. जोड सोडवली की फक्त त्या नोंदी जातात. तरी आधी सगळी कार्डं व्हीकार्ड (संपर्क साठवायचा ठरलेला नमुना) फायलीत एक्सपोर्ट करून ठेवा.

मग प्रत्येक कार्डावर चॅटचा पत्ता त्याच्या स्वतःच्या रकान्यात भरा, शेऱ्यात नको. एक्सएमपीपीच्या (जॅबर चॅटच्या) पत्त्यात तिरक्या रेषेपुढे जे येतं ते उपकरणाचं नाव असतं, ते गाळा. मोबाइल +९१ आणि पुढे १० अंक असाच लिहा; कुठे शून्य, कुठे नुसते १० अंक असले तर तुलना बिघडते. भरून झालं की एक कार्ड एक्सपोर्ट करून टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. त्यात ‘आयएमपीपी’ची, म्हणजे चॅटच्या पत्त्याची, ओळ दिसते का बघा. ही ओळ २००७ च्या आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ४७७० मध्ये आली आणि २०११ च्या ६३५० मध्ये, म्हणजे व्हीकार्ड ४.० मध्ये, कायम राहिली. काही प्रोग्राम मात्र ‘एक्स-जॅबर’ अशी आपली वेगळी ओळ लिहितात, आणि ती दुसऱ्या प्रोग्रामला कळेलच असं नाही.

मुनीमजींच्या संगणकावर जोड्या दिसत नाहीत, हीही तक्रार रास्त आहे. कार्डं कार्डडॅव्हवरून (पत्तापुस्तक सिंक करायच्या पद्धतीने) सगळीकडे जातात, पण जोड्यांची फाईल त्या-त्या लॉगिनच्या होम फोल्डरातच राहते. शिवाय सिंक अडलं म्हणून पत्तापुस्तकाचं खातं काढून पुन्हा टाकलंत, तर अकोनाडी (केडीईची संपर्क सांभाळणारी सेवा) प्रत्येक कार्डाला नवा क्रमांक देतं आणि जुन्या जोड्या लोंबकळतात. तेव्हा खातं काढू नका, आधी पासवर्ड आणि नेट तपासा. पत्ता कार्डावरच असेल तर दुसऱ्या संगणकावर तो बघून पाच मिनिटांत पुन्हा जोडता येतं. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपचं संपर्क जोडणारं फोक्स तर चॅटचा पत्ता तोच असला की आपणहून जोडतं, नावावरून मात्र फक्त सुचवतं. मला हीच पद्धत बरोबर वाटते.

व्हॉट्सअ‍ॅपचे संपर्क यात येत नाहीत, ते तुमचं खरं. केडीई टेलिपॅथीचं, म्हणजे केडीईच्या चॅट प्रोग्रामचं, काम थंडावलंय, हेही खरं. म्हणून तर मेहनत कार्डांवर करा, प्रोग्राम बदलला तरी ती सोबत येतात.

आणि आजच्या आज एक करा: दोन्ही बालाजींच्या कार्डांवर दिसणाऱ्या नावातच गाव घाला. एक ‘बालाजी औसा’, दुसरा ‘बालाजी रेणापूर’. मग यादीत नाव सारखं उरणार नाही, आणि पट्टी पाठवताना मुनीमजींनाही गाव आधी दिसेल.