गाढवाचा पाऊस

मृग नक्षत्र चालू असताना सातवीच्या वर्गात आम्ही पर्जन्यमापक करत होतो. कोल्ड्रिंकची बाटली, वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवलेला. बूड सपाट नसतं, म्हणून आत खडे आणि पट्टीच्या शून्यापर्यंत पाणी. तेवढ्यात एक पोरगी म्हणाली, "सर, आजी म्हणती औंदा मृगाचं वाहन गाढव हाय, पाऊस कमीच. मग मोजायचं कशाला?"

वर्ग हसला. पूर्वी मी 'अंधश्रद्धा' म्हणून विषय मिटवला असता. पण आजीला खोटं पाडलं की पोरगी विज्ञान शिकत नाही, घरी गप्प बसायला शिकते. ('पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणणाऱ्यांकडे तर मोजायची वेळच येत नाही.) म्हटलं, घरातली जुनी पंचांगं आण.

वाहन म्हणजे पंचांग पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला देतं तो प्राणी. आधी ते ठरतं कसं ते पाहिलं. सूर्य नक्षत्रात शिरताना त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, ९ ने भागायचं, बाकी उरेल ते वाहन. ७ म्हैस, ८ गाढव, ० हत्ती. भागाकाराला कंटाळणारी पोरं बाक्या काढत बसली! मग महारेन या सरकारच्या पावसाच्या संकेतस्थळावरून आमच्या महसूल मंडळाचे रोजचे आकडे उतरवून नक्षत्रवार बेरजा केल्या.

मृगात गाढव एकदाच आलेलं, आणि तो मृग कोरडाच गेलेला. पोरगी खूश. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज: "एकदाच आलंय की सर, त्यावरून कसं ठरवायचं?" मग सगळ्या नक्षत्रांतली गाढवं एका रांगेत मांडली. काही भिजलेली, काही कोरडी. त्यावरही भांडण, मृगातलं गाढव हस्तातल्या गाढवाशी कसं तोलायचं? हे सगळं पुस्तकातल्या क्रिकेटच्या धावांवरून शिकवायला मला कधी जमलं नव्हतं.

आजीला मी शाळेत बोलावलं. ती वाहनावर फारशी बोललीच नाही. म्हणाली, "पडला किती ते इचारू नका, खंड किती पडला ते इचारा." मी फळ्यावर मांडलं: महिनाभर रोज ४ मिमी, किंवा चारच दिवस ३०-३० मिमी. दोन्हीकडे १२०, सरासरीही तीच. पण दुसऱ्या शिवारात सोयाबीन माना टाकतं. त्या दिवशी वहीत 'खंड' असा नवा रकाना आला. २.५ मिमीच्या खाली गेला तो दिवस कोरडा धरायचा, हवामान खात्याच्याच नियमाने. पुनर्वसू-पुष्य खोडून तिथे पोरांनी आजीचे 'तरणा' आणि 'म्हातारा' लिहिले. मी राहू दिले.

तरण्या पावसात एका सकाळी बाटलीत ७१ मिमी भरले. मंडळाचा आकडा ४३. मंडळाचं यंत्र आमच्यापासून आठ किलोमीटरवर, टेकडीपलीकडे. २४ तासांत ६५ मिमीच्या वर गेला तरच सरकारी हिशेबात अतिवृष्टी, आणि तो हिशेब मंडळाच्या आकड्यावर. आमची बाटली काही प्रमाणित नव्हे, हे मी पोरांना सांगितलं. तरी संध्याकाळी दोघांचे वडील वही बघायला आले, आणि एकाने त्या पानाचा फोटो काढून नेला.