मिरजेच्या पाटीवरचा ‘अ’

सांगली-साताऱ्याच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो: देवनागरीत जसे बोलतो तसेच लिहितो, ‘अ’चा उच्चार सर्व भाषांत एकच असतो, ‘आ’ हा त्याचाच दीर्घ प्रकार आहे आणि रोमन लिपीने मात्र आपल्या गावांची नावे बिघडवली.

पहिल्या विधानासाठी सांगलीच्या एसटी स्थानकापर्यंत गेले तरी पुरे. पाटीवर ‘मिरज’ असते; लेखनाच्या नियमाने ‘ज’मध्ये ‘अ’ आहे, पण वाहक पुकारतो तेव्हा तो ऐकू येत नाही. उलट शेवटचा ‘अ’ जेथे खरोखर उच्चारायचा, किंबहुना थोडा लांबवायचा असतो, तेथे आपण अनुस्वार देतो: ‘केलं’, ‘गेलं’, ‘आलं’. नाक चिमटीत धरून ‘केलं’ म्हणून पाहावे; उच्चारात काडीचा फरक पडत नाही. अनुनासिकाचे चिन्ह येथे निव्वळ स्वराची खूण म्हणून राबते आहे.

याच ‘केलं’मुळे तिसरे विधानही अडचणीत येते, कारण त्यातला ‘अ’ कितीही लांबवला तरी ‘केला’ होत नाही. ‘अ’ आणि ‘आ’ यांत लांबीइतकाच तोंड किती उघडते याचाही फरक आहे. पाणिनीला तो ठाऊक होता: दोन्ही सवर्ण, म्हणजे एकाच वर्गाचे ध्वनी, ठरावेत म्हणून त्याने व्याकरणभर ‘अ’ विवृत, म्हणजे उघड्या तोंडाचा, मानला आणि ‘अ अ’ या अष्टाध्यायीच्या अखेरच्या सूत्राने तो पुन्हा संवृत, म्हणजे कमी उघड्या तोंडाचा, केला. वर्गीकरणाची सोय आणि प्रत्यक्ष उच्चार यांची गल्लत त्याने केली नाही.

‘सर्व भाषांत एकच’ हे तर बंगालीपाशीच कोसळते. तेथे ‘अ’ ओठ गोल करून उच्चारतात, म्हणून त्या लिपीत ‘कलकाता’ लिहून ‘कोलकाता’ वाचतात. इंग्रजी ‘कट’मधला आणि ‘अबाउट’च्या आरंभीचा स्वर आपल्या कानाला एकच ‘अ’ वाटतो, पण ब्रिटिश शब्दकोश पहिल्याला उलटा ‘व्ही’ आणि दुसऱ्याला उलटा ‘ई’ देतात. त्यातही आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या तक्त्यात उलटा ‘व्ही’ पश्च, म्हणजे जीभ मागे नेऊन उच्चारायच्या, स्वरांत बसतो, तर ‘कट’चा आजचा उच्चार बहुधा मध्याकडे सरकलेला असतो, चिन्ह जुन्या सवयीने टिकले आहे.

राहिली रोमन लिपी. ‘कराड’मधल्या ‘अ’ आणि ‘आ’ यांना ती एकच अक्षर देते, ही तक्रार रास्त आहे. ‘सांगली’च्या रोमन लेखनात मात्र ‘ग’पुढे स्वरच नाही, आणि तो आपल्या तोंडीही नाही.