चॅनेलला नाव द्यायला किती वेळ लागतो?

सभागृहातल्या ३२ चॅनेलच्या (म्हणजे आवाजांच्या ३२ स्वतंत्र वाटांच्या) डिजिटल साउंड मिक्सरसमोर बसलो की पट्ट्यांवर एकतर निव्वळ क्रमांक असतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे गेल्या आठवड्यातल्या वाद्यवृंदाची 'ऑक्टोपॅड', 'कीबोर्ड डावा' ही नावे तशीच राहिलेली असतात, आणि मला मात्र अर्ध्या तासात तबला, संवादिनी, तानपुरा आणि गायिका यांचा आवाज लावायचा असतो. नाव चॅनेलचे असते, केबल खोचलेल्या सॉकेटचे नव्हे. त्यामुळे मधल्या काळात कोणी राउटिंग (कोणते सॉकेट कोणत्या चॅनेलला जोडायचे ती मांडणी) बदलले असेल, तर 'तबला' लिहिलेला फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर केल्यावर संवादिनी ऐकू येते.

परवा तर स्टेजवरचा कंडेन्सर माइक, म्हणजे मिक्सरकडून वीज मिळाल्यावरच चालणारा माइक, मुकाच होता. ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा ज्या सॉकेटला माइक जोडला आहे त्याच्याच प्रीअँपला (माइकचा क्षीण सिग्नल वाढवणाऱ्या भागाला) द्यावा लागतो आणि तो दिला गेला होता भलत्याच सॉकेटला. त्यातून राउटिंग आठ-आठच्या गटांनी सरकवलेले असल्यामुळे हे शोधण्यात २० मिनिटे गेली. तोवर गायिका तानपुरा जुळवून शांतपणे बसून होत्या, याचे मला अजून वाईट वाटते.

जुन्या अॅनालॉग मिक्सरवर आम्ही चिकटपट्टी लावून पेनाने नावे लिहीत असू आणि निघताना ती न चुकता काढत असू. आता नाव टाइप करायला चॅनेलमागे फार तर १० सेकंद लागतात. निघताना आपला सीन (मिक्सरवरची नावे, राउटिंग वगैरे सगळी साठवलेली मांडणी) पेनड्राइव्हवर घ्यावा आणि सभागृहाचा मूळ सीन लोड करून ठेवावा, एवढीच माझी मागणी आहे.