उपाशी मासे आणि दारू

माझ्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये सध्या सायनो, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, माजलाय. वाळूवर, खडकांवर लालभडक बुळबुळीत थर. नळीने ओढून काढावा तर दुसऱ्या दिवशी दिवे लागले की पुन्हा हजर, अंगावर ऑक्सिजनचे बुडबुडे मिरवत. लोक त्याला शेवाळ म्हणतात, पण आहेत ते जीवाणू. याच घराण्याने सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरायला घेतला, म्हणून आज आपण श्वास घेतोय. उपकार मान्य. पण वसुली माझ्याच टँकमध्ये का?

काल बायकोचे मामा आले. जोडीने फिरणाऱ्या क्लाऊनफिशकडे ढुंकूनही न बघता त्यांनी काचेला नाक लावलं.

"वा जावईबापू! ही मखमल कुठून आणलीत?"

"मखमल नाही मामा, सायनो आहे. फुकट येतो, घालवायला खर्च येतो."

"मग घालवता कशाला?"

मी समजावलं. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं, त्यातून नायट्रेट, फॉस्फेट आणि त्यावर हा पोसला जातो.

"म्हणजे घाण मासे करतात?"

"हो."

"मग मासे काढा की! मखमल ठेवा."

यावर काय बोलणार? मी मुकाट्याने रोजचं काम उरकायला घेतलं, म्हणजे सिरिंजमध्ये व्होडका भरली. मामांच्या भुवया टाळूपर्यंत गेल्या.

"सकाळी सकाळी?"

"टँकला देतोय. ती पिऊन पाण्यातले बॅक्टेरिया वाढतात, नायट्रेट-फॉस्फेट खातात, मग स्किमर नावाचं यंत्र त्यांना फेसाबरोबर बाहेर काढतं."

"आणि ते लाल?"

"तेही बॅक्टेरियाच."

"म्हणजे एकांना पाजायचं आणि दुसऱ्यांना मारायचं?"

"मारायचं नाही. उपाशी ठेवायचं."

हा शब्द उच्चारायला नको होता. "तरीच मासे सुकलेत!" म्हणत मामांनी खाण्याचा डबा उचलला आणि मी सिरिंज खाली ठेवेपर्यंत अर्धा पाण्यात. मी तो हिसकावून घेतला. हिसकावलाच, कबूल आहे, आणि पुन्हा हिसकावीन.

कारण मी गोठवलेलं खाणंसुद्धा वितळवून, गाळणीत धुऊन घालतो. त्या पाण्यात फॉस्फेट असतं. टँकसाठी पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे गाळून शुद्ध केलेलं; मीठ मिसळण्याआधी त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्य. बरं, नायट्रेट-फॉस्फेट शून्यावर नेऊनही चालत नाही. मग प्रवाळ फिके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट नावाची तपकिरी शेंबडी पीडा येते, जिच्यापुढे सायनो सज्जन. नायट्रेट एकटंच खाली आणावं, तर सायनोच्या काही जाती पाण्यात विरघळलेला नायट्रोजन वायूच वापरतात. म्हणजे तारेवर चालायचं, आणि खाली उभं राहून तार हलवायला नातेवाईक आहेतच.

रात्रीपर्यंत ते खाणं खडकांच्या मागे गेलं, जिथे माझा हात पोचत नाही. आज फॉस्फेट 0.2 पीपीएम. मला 0.1 च्या खाली हवं होतं. आणि मामांनी नातेवाइकांत कळवलंय की जावई सकाळी सिरिंजने घेतो.

बायको म्हणते, वडीलधारे आहेत, फोन करून माफी मागा. म्हटलं, आधी स्किमरचा फेस साठणारा कप धुतो. त्याचा वास घरभर पसरतो खरा, पण तो निदान सल्ले देत नाही.